जीव आधी, झेंडा नंतर

या लेखाचा विषय सांगितला तेव्हा आमच्या वाचकमंडळातील एक वडीलधारे मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून मग म्हणाले, 'गाझातली ती लेकरं आपण टीव्हीवर रोज पाहिली. आणि तू लिहिणार कुणावर, तर इर्गुनच्या माणसावर?' मी म्हटलं, 'होय मास्तर, त्याच्यावरच.' त्यांनी मान हलवली. 'मग नीट लिही. कुणाची तरफदारी करू नकोस आणि कुणाचा हक मारू नकोस.'

मास्तरांच्या या दोन अटी पाळण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या माणसाचे नाव हिलेल कूक. अमेरिकेत तो पीटर बर्गसन या नावाने वावरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, युरोपातील ज्यूंची पद्धतशीर कत्तल चालू असताना, अमेरिकेच्या सरकारने त्यांना वाचवण्यासाठी काहीतरी करावे म्हणून त्याने आकाशपाताळ एक केले. त्याला सर्वांत कडवा विरोध झाला तो त्याच्याच समाजाच्या पुढाऱ्यांकडून. युद्ध संपल्यावर त्याचे नाव पुसले गेले. आज काही अभ्यासक त्याला तारणहार म्हणतात, काही त्याला गाजावाजा करणारा माणूस म्हणून मोडीत काढतात. आपल्यासारख्या वाचकासमोर तर तिसराच पेच उभा राहतो. ज्या संघटनेत तो वाढला, त्या संघटनेच्या हातांना अरबांचे रक्त लागलेले आहे. अशा माणसाच्या चांगल्या कामाचे आपण काय करायचे? ते मान्य करायचे, की नजरेआड करायचे?

आधी हकीकत. हिलेल कूकचा जन्म १९१५ मध्ये लिथुआनियात झाला. घराणे धर्मगुरूंचे. त्याचे काका अब्राहम आयझॅक कूक हे ब्रिटिश अमदानीतील पॅलेस्टाईनचे पहिले अश्केनाझी मुख्य रब्बी. १९२४ मध्ये कुटुंब पॅलेस्टाईनला आले. तरुणपणी हिलेल झाबोटिन्स्कीच्या उजव्या विचारांकडे वळला आणि १९३१ मध्ये हगानातून फुटून निघालेल्या इर्गुन या सशस्त्र संघटनेच्या अगदी सुरुवातीच्या लोकांत सामील झाला. १९३७ नंतर तो पोलंडमध्ये संघटनेचे काम करीत होता. युरोपातील ज्यूंना ब्रिटिशांची बंदी चुकवून पॅलेस्टाईनला पोहोचवणे हा त्या कामाचा एक भाग होता. १९४० मध्ये तो अमेरिकेत आला. घराण्याच्या नावाला झळ लागू नये म्हणून त्याने पीटर बर्गसन हे नाव घेतले. तो आला होता एक ज्यू सैन्य उभारण्याच्या मागणीसाठी. त्याच्यासोबत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे सहकारी होते. ना पैसा, ना ओळखीपाळखी, ना धड इंग्रजी.

नोव्हेंबर १९४२ मध्ये सगळे बदलले. न्यूयॉर्कचे रब्बी स्टीफन वाइज यांनी पत्रकारांना सांगितले की, नाझींनी सुमारे वीस लाख ज्यूंना ठार मारले आहे, आणि या माहितीला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दुजोरा दिला आहे. खरे तर जिनिव्हाहून आलेली एक तार वाइज यांच्या हाती ऑगस्टअखेरीसच पडली होती. खात्री होईपर्यंत गप्प राहा, असे परराष्ट्र खात्याने त्यांना सांगितले आणि ते तीन महिने गप्प राहिले. जाहीर झाली तेव्हाही ही बातमी बहुतेक वर्तमानपत्रांनी आतल्या पानांवर कोपऱ्यात छापली. बर्गसनने ती तिथेच वाचली. वीस लाख माणसे आणि आतल्या पानावरचा कोपरा! या विसंगतीने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. सैन्याची मागणी मागे पडली. माणसे वाचवणे हा एकच कार्यक्रम उरला.

त्याने निवडलेली वाट पुढाऱ्यांच्या वाटेहून अगदी वेगळी होती. पुढाऱ्यांची वाट म्हणजे निवेदने, शिष्टमंडळे, मंत्र्यांच्या भेटी. बर्गसनने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती द्यायला सुरुवात केली. नाटककार आणि पटकथाकार बेन हेक्ट त्याच्या जाहिराती लिहू लागला. ९ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हेक्टने लिहिलेला एक भव्य प्रयोग झाला. संगीत कुर्ट वाइलचे, दिग्दर्शन मॉस हार्टचे, रंगमंचावर पॉल म्युनी आणि एडवर्ड रॉबिन्सन. एका रात्रीत दोन खेळ झाले आणि चाळीस हजार लोकांनी ते पाहिले. पुढे वॉशिंग्टनच्या प्रयोगाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट स्वतः आल्या. एप्रिलमध्ये बर्म्युडा बेटावर निर्वासितांच्या प्रश्नासाठी ब्रिटन आणि अमेरिकेची परिषद भरली. वॉर्सातील बंदिस्त वस्तीत ज्यूंनी उठाव केला तोच तिचा पहिला दिवस, १९ एप्रिल. परिषदेतून काहीच निघाले नाही. तेव्हा ही परिषद म्हणजे छळछावण्यांत अडकलेल्यांची क्रूर थट्टा आहे, अशी जाहिरात बर्गसनच्या मंडळाने दिली.

इथे मास्तरांची पहिली अट आठवते. तरफदारी करायची नाही. म्हणून त्याच्या विरोधकांचे म्हणणेही ऐकू या.

रब्बी वाइज हे काही भित्रे गृहस्थ नव्हते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. हिटलरच्या विरोधात त्यांनी पहिल्यापासून सभा घेतल्या होत्या. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच १ मार्च १९४३ रोजी त्यांनीही मोठी सभा भरवली. पण त्यांना आपल्या देशाची हवा माहीत होती. १९२४ च्या कायद्याने परदेशी लोकांच्या प्रवेशावर कडक मर्यादा घातली होती आणि ती सैल करायला संसद तयार नव्हती. १९३९ मध्ये 'सेंट लुईस' या जहाजावरून आलेल्या नऊशेहून अधिक निर्वासितांना क्यूबाने नाकारले, अमेरिकेनेही किनाऱ्याला लागू दिले नाही, आणि जहाज युरोपला परत गेले. पाद्री कॉफलिन रेडिओवरून ज्यूंच्या विरोधात गरळ ओकत असे आणि लाखो लोक ते ऐकत. हे युद्ध ज्यूंसाठी चालले आहे, असा प्रचार सर्रास होई. अशा देशात अल्पसंख्याकांनी फार आवाज केला तर उलटा परिणाम होईल, सरकार आपले आहे, राष्ट्राध्यक्ष आपले मित्र आहेत, त्यांना अडचणीत आणू नये, अशी वाइज यांची समजूत होती.

वाचकहो, ही समजूत तुम्हा-आम्हाला परकी आहे का? 'आत्ता बोलू नका, वातावरण ठीक नाही.' 'आपल्या बोलण्याचा उलटा अर्थ काढतील.' 'जबाबदार लोक बोलत आहेत, तुम्ही मध्ये पडू नका.' जगात जिथे जिथे अल्पसंख्य समाज राहतो तिथे ही वाक्ये घराघरात बोलली जातात, आणि दर वेळी ती खोटी असतात असेही नाही. सावधगिरी ही अल्पसंख्याकांची पिढ्यानपिढ्यांची कमाई आहे. म्हणून वाइज यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करताना आपण आपल्या मनात डोकावून पाहिलेले बरे.

शिवाय बर्गसनची एक जाहिरात मला आजही खटकते. फेब्रुवारी १९४३ मध्ये बातमी आली की, रुमानियाचे सरकार आपल्या ताब्यातील ट्रान्सनिस्ट्रिया भागातील सत्तर हजार ज्यूंना पैसे घेऊन सोडायला तयार आहे. हेक्टने लगेच जाहिरात लिहिली. सत्तर हजार माणसे डोईमागे पन्नास डॉलर भावाने विक्रीला आहेत, अशा अर्थाचा तिचा मथळा होता. उपहास धारदार होता आणि ब्रिटन-अमेरिकेच्या निष्क्रियतेवर नेमका बसणारा होता. पण खाली देणगीचे आवाहनही होते. ते वाचून साध्या माणसाला वाटावे की, आपण पन्नास डॉलर पाठवले की एक जीव सुटेल. तसे काही होणार नव्हते. पुढाऱ्यांनी फसवणुकीचा आरोप केला आणि तो अगदीच निराधार नव्हता. जीव वाचवण्यासाठी सत्य थोडे ताणले तर बिघडले कुठे, असे कुणी म्हणेल. मला वाटते, बिघडते. जुलूम झालेल्यांच्या बाजूने बोलणाऱ्याजवळ सत्याशिवाय दुसरे भांडवल नसते. ते एकदा उधळले की पुढच्या खऱ्या हाकेवरही लोक संशय घेतात.

एवढे बोलून झाल्यावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरकडे येऊ.

६ ऑक्टोबर १९४३. योम किप्पूर तीन दिवसांवर आला होता. प्रायश्चित्ताच्या या उपवासाशी आपल्याकडील आशुऱ्याच्या रोज्याचे नाते सांगितले जाते. त्या दिवशी चारशेहून अधिक सनातनी रब्बी, लांब दाढ्या आणि काळे डगले, वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून चालत निघाले. हा मोर्चा बर्गसनच्या मंडळाने आणि सनातनी रब्बींच्या संघटनांनी मिळून काढला होता. संसदेच्या पायऱ्यांवर उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांनी त्यांचे निवेदन स्वीकारले. मग मंडळी राष्ट्राध्यक्षांना भेटायला व्हाईट हाउसकडे गेली. राष्ट्राध्यक्षांना वेळ नाही, असे त्यांना सांगण्यात आले. वास्तविक त्या दुपारी रूझवेल्टना फारसे काम नव्हते. ते एका विमानतळावरील समारंभाला निघून गेले. या मंडळींना भेटू नये, असा सल्ला त्यांच्या भोवतीच्या ज्यू सल्लागारांनीच दिला होता. वाइज यांनी नंतर या मोर्चाची 'तमाशा' म्हणून संभावना केली.

त्या रब्बींपैकी कितीतरी जणांचे भाऊ, बहिणी, गुरू, शिष्य त्या घटकेला पोलंडमध्ये मरत होते. त्यांची एक प्रमुख मागणी काय होती? निर्वासितांसाठी काम करणारी एक सरकारी यंत्रणा.

नोव्हेंबरमध्ये नेमका याच मागणीचा ठराव संसदेत आला. सिनेटमध्ये गाय गिलेट यांनी आणि प्रतिनिधिगृहात विल रॉजर्स ज्युनियर व जोसेफ बॉल्डविन यांनी तो मांडला. हे तिघेही ज्यू नव्हते. माझ्या मते बर्गसनच्या वारशातील सर्वांत मोलाची गोष्ट या ठरावात आहे, आणि ती आहे न लिहिलेल्या एका शब्दात. ठरावात पॅलेस्टाईनचे नाव नव्हते.

थोडा विचार करा. हा माणूस इर्गुनचा. पॅलेस्टाईनमध्ये ज्यू राज्य व्हावे म्हणून तो घरदार सोडून आलेला. तेच त्याच्या आयुष्याचे ध्येय. पण त्याने ओळखले की, वाचवण्याच्या मागणीला राज्याच्या मागणीची गाठ मारली तर ब्रिटन भडकेल, अमेरिका कचरेल आणि मध्ये माणसे मरतील. आधी त्यांना बाहेर काढा, मग ती तुर्कस्तानला जावोत, स्पेनला जावोत की आणखी कुठे. झेंड्याचे नंतर पाहू. उलट वाइज यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष देताना तक्रार केली ती हीच, की पॅलेस्टाईनचे दरवाजे उघडण्याची मागणी नसल्यामुळे हा ठराव अपुरा आहे. त्यांच्या बोलण्यात तर्क होता. निर्वासितांना कुठेतरी जागा हवीच होती आणि दुसरे कुणी दार उघडत नव्हते. पण तर्क कितीही सरळ असला तरी बुडणाऱ्याला दोर टाकताना 'वर आल्यावर कुठे राहशील' हे विचारत बसायचे नसते.

त्याच सुनावणीत परराष्ट्र खात्याचे अधिकारी ब्रेकिनरिज लाँग यांनी बंद दाराआड सांगितले की, १९३३ पासून अमेरिकेने पाच लाख ऐंशी हजार निर्वासितांना आसरा दिला आहे. साक्ष प्रसिद्ध झाली तेव्हा आकडा चुकीचा असल्याचे उघड झाले. कायद्याने मान्य असलेल्या जागासुद्धा रिकाम्या ठेवल्या गेल्या होत्या. इकडे अर्थखात्यातील काही तरुण अधिकारी परराष्ट्र खात्याच्या अडवणुकीची कागदपत्रे गोळा करीत होते. त्यांतील जोसाया दुबॉइस यांनी जानेवारी १९४४ मध्ये अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ यांना अहवाल दिला. ज्यूंच्या हत्येला आपले सरकार मूक संमती देत आहे, असे तो अहवाल उघड शब्दांत सांगत होता. मॉर्गेन्थाऊ १६ जानेवारीला राष्ट्राध्यक्षांना भेटले. संसदेतील ठराव डोक्यावर होताच. २२ जानेवारी १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी 'वॉर रेफ्यूजी बोर्ड' स्थापन केले.

या बोर्डाच्या पैशाने आणि पाठिंब्याने त्या जुलैत राउल वॉलेनबर्ग हा स्वीडिश तरुण बुडापेस्टला गेला आणि हजारो लोकांचे प्राण त्याने वाचवले. पण त्याआधीच्या आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना, बहुतेकांना आउश्वित्झकडे, नेण्यात आले होते. अमेरिकेच्या भूमीवर बोर्डाला फक्त ९८२ निर्वासित आणता आले, तेही कुंपणाआडच्या एका छावणीत. एकूण किती जीव वाचले, यावर एकमत नाही. इतिहासकार डेव्हिड वायमन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात सुमारे दोन लाख हा आकडा दिला. इतरांनी तो फुगवलेला मानला. वाचवणे मुळात शक्यच नव्हते, असेही विल्यम रुबिनस्टाइन यांनी १९९७ मध्ये लिहिले. बोर्ड झाले ते मॉर्गेन्थाऊंच्या माणसांमुळे, बर्गसनच्या आरड्याओरड्याचा त्यात काय वाटा, असेही विचारले जाते. बर्गसनचे पाठीराखे म्हणतात, संसदेत आग लागली नसती तर मॉर्गेन्थाऊंच्या कागदांना ऊब कुठून आली असती?

मला हा वाद श्रेयाच्या वाटणीसारखा वाटतो. फळ आपल्या हाती नाही, प्रयत्न आपल्यावर फर्ज आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. बर्गसनला १९४३ मध्ये माहीत नव्हते की वीस वाचतील, वीस हजार वाचतील की कुणीच वाचणार नाही. त्याला माहीत होते ते इतकेच, की गप्प राहिले तर कुणी वाचणार नाही.

पुढाऱ्यांनी मात्र त्याला माफ केले नाही. त्याच्यामागे सरकारी तपास लावले गेले. त्याला देशाबाहेर काढावे, असे प्रयत्न झाले. मे १९४४ च्या एका सरकारी टिपणात नोंद आहे की, झायोनिस्ट नेते नाहूम गोल्डमान यांनी परराष्ट्र खात्यात जाऊन सांगितले, वाइज यांच्या मते बर्गसन हा ज्यूंचा हिटलरइतकाच मोठा शत्रू आहे, कारण त्याच्या चळवळीने अमेरिकेत ज्यूद्वेष वाढेल. ही नोंद वाचली की मन सुन्न होते. घराला आग लागली आहे आणि घरातले लोक भांडताहेत ते, पाण्यासाठी हाक कोणी मारायची यावरून!

आता मास्तरांच्या दुसऱ्या अटीकडे. कुणाचा हक मारायचा नाही. यात पॅलेस्टाईनच्या अरबांचा हकही आला.

जुलै १९३८ मध्ये हैफाच्या अरब बाजारात इर्गुनने बाँब फोडले. भाजीपाला घ्यायला आलेली डझनावारी माणसे त्यात मेली. १९४६ मध्ये किंग डेव्हिड हॉटेलच्या स्फोटात ९१ जण मारले गेले. त्यांत अरब होते, ब्रिटिश होते, ज्यूही होते. ९ एप्रिल १९४८ रोजी इर्गुन आणि लेही यांच्या टोळ्यांनी दैर यासीन या गावात शंभराहून अधिक माणसांची हत्या केली. यांपैकी कुठेही बर्गसन प्रत्यक्ष हजर नव्हता. १९३८ मध्ये तो पोलंडमध्ये होता, नंतर अमेरिकेत. पण एवढ्याने तो मोकळा होत नाही. १९४४ नंतर त्याच्या मंडळाने झेंडा पुन्हा हाती घेतला, आणि इर्गुनच्या लढ्यासाठी अमेरिकेत प्रचार केला, पैसा उभा केला. १९४२ च्या नोव्हेंबरपासून सुमारे दीड वर्ष त्याने माणसांना झेंड्याच्या वर ठेवले, पण फक्त आपल्या माणसांना. हैफाच्या बाजारात मेलेल्या भाजीवाल्याची बातमीही कुठेतरी आतल्या पानावर, कोपऱ्यातच छापून आली असेल. ती वाचून कुणाच्या आयुष्याची दिशा बदलली?

मग निवाडा कसा करायचा? नियत पाहावी म्हटले, तर बाँब ठेवणारासुद्धा आपली नियत साफ असल्याचेच सांगतो. आपल्या कौमेसाठी केले, एवढे त्याला पुरते. म्हणजे नियतीबरोबर आणखी एक कसोटी हवी: या कृतीने कोण जगले आणि कोण मेले? या कसोटीला वाचवण्याची चळवळ उतरते आणि बाँब उतरत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या नावाशी जोडलेली असली तरी एकाने दुसरे फिटत नाही. वाण्याच्या वहीत जमा आणि खर्च यांची वजाबाकी होते, माणसाच्या आयुष्यात होत नाही. तिथे दोन्ही रकाने तसेच उघडे राहतात. कयामतच्या दिवशी कणभर नेकीही दिसेल आणि कणभर बदीही, अशी आपली श्रद्धा आहे. एकाने दुसरे झाकण्याची घाई आपण कशाला करावी?

कूकच्या पुढच्या आयुष्याने तर दोन्ही बाजूंच्या लोकांना बुचकळ्यात टाकले. १९४८ मध्ये अल्तालेना जहाजाच्या प्रकरणात नव्या इस्राएल सरकारने त्याला इतरांबरोबर दोन महिने अटकेत ठेवले. १९४९ मध्ये तो बेगिन यांच्या हेरुत पक्षातर्फे निवडून आला. ही निवडणूक होती घटना समितीची. पण समितीने स्वतःला पहिले क्नेसेट, म्हणजे संसद, म्हणून घोषित केले आणि जून १९५० मध्ये राज्यघटना लिहिण्याचे काम बेमुदत पुढे ढकलले. आपली घटना समिती त्याच सुमारास आपले काम पुरे करून मोकळी झाली होती, हे इथे आठवावे. कूकच्या दृष्टीने हा विश्वासघात होता. लेखी घटना हवी, धर्म आणि राज्य वेगळे हवेत, राज्य जगभरच्या ज्यूंचे नव्हे तर तिथल्या सर्व नागरिकांचे हवे आणि त्यांत अरबही आले, असे तो सांगत राहिला. पक्षाशी त्याचे बिनसले. १९५१ मध्ये राजकारण सोडून तो अमेरिकेला परत गेला आणि शेअर बाजारात रमला. १९६७ च्या युद्धानंतर पॅलेस्टिनींचे स्वतंत्र राज्य व्हावे, असे म्हणणाऱ्या पहिल्या काही इस्राएलींत तो होता. पुढे तो इस्राएलला परतला आणि ऑगस्ट २००१ मध्ये तिथेच वारला.

इतिहासाची गंमत अशी, की त्याचा सख्खा चुलतभाऊ रब्बी झ्वी येहुदा कूक हा पश्चिम किनाऱ्यावर वसाहती करणाऱ्या चळवळीचा धर्मगुरू झाला. एकाच घराण्यातून दोन वाटा फुटल्या. एक म्हणाली, जमीन पवित्र आहे. दुसरी म्हणाली, नागरिक समान आहेत. कोणती वाट हमरस्ता झाली ते आपण पाहतोच. राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क इस्राएलमध्ये फक्त ज्यूंचा आहे, असे २०१८ च्या कायद्याने सांगून टाकले.

आता कळते, तो विस्मृतीत का गेला. अमेरिकेतील प्रस्थापित ज्यू संस्थांना तो नको होता, कारण त्याची आठवण म्हणजे त्यांच्या मौनाची आठवण. इस्राएलच्या डाव्यांना नको होता, कारण तो इर्गुनचा. उजव्यांना नको होता, कारण तो सर्व नागरिकांच्या राज्याची भाषा बोलायचा. क्लोद लान्झमान यांनी १९७८ मध्ये त्याची प्रदीर्घ मुलाखत चित्रित केली, पण नऊ तासांहून लांब असलेल्या त्यांच्या 'शोआ' या चित्रपटात तिचा अंशही आला नाही. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने त्याची दखल घेतली ती तो गेल्यानंतर. जो माणूस कुठल्याच तंबूत मावत नाही, त्याचा वारसा सांगायला कुणी पुढे येत नाही.

मग आपण तरी का सांगावा? माझ्या मते दोन कारणांसाठी.

पहिले कारण इन्साफचे. सूरह माइदामध्ये एका जिवाच्या रक्षणाची महती सांगितली आहे. ती आयत आपल्या सभासंमेलनांत वारंवार ऐकू येते. पण ती बनी इस्राईलच्या संदर्भात आली आहे, हे आपण क्वचित सांगतो. त्याच सूरहमध्ये, एखाद्या समूहावरच्या रागाने तुमचा न्याय ढळू नये, अशीही ताकीद आहे. ही ताकीद राग नसलेल्यांसाठी नाही. ज्यांच्याकडे रागाला कारण आहे, त्यांच्यासाठीच ती आहे. पॅलेस्टाईनचे दुःख ज्याला आपले वाटते, त्यानेच साठ लाख ज्यूंच्या कत्तलीबद्दल, ती रोखू पाहणाऱ्यांबद्दल, निःसंकोच बोलले पाहिजे. नाहीतर आपले दुःखही फक्त आपल्या माणसांपुरते उरते, आणि कूकच्या ज्या उणिवेवर आपण बोट ठेवले तीच आपल्यात निघते.

दुसरे कारण आजचे आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार, साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. त्याच ऑक्टोबरमध्ये, १८ तारखेला, युद्धबंदीची मागणी करीत शेकडो ज्यू वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीत जाऊन बसले. अटक झालेल्यांत रब्बीही होते. ऐंशी वर्षांपूर्वी, ऑक्टोबर महिन्यातच, चारशे रब्बी त्याच संसदेच्या पायऱ्यांवर उभे होते. दोन्ही वेळा त्यांच्याच समाजातील वजनदार लोकांनी त्यांना नावे ठेवली. पण १९४३ चे रब्बी आपल्या माणसांसाठी चालले होते. २०२३ चे रब्बी इस्राएलच्या मृतांचा शोक करीत, ज्यांना आपले शत्रू म्हटले जाते त्यांच्या जिवासाठी बसले होते. कूक जिथे थांबला होता त्याच्या एक पाऊल पुढे.

हे पाऊल आपल्याला टाकता येईल का? आपल्या माणसांवर जुलूम झाला की आपण आवाज उठवतो, उठवलाच पाहिजे. पण आपल्यातल्याच कुणाच्या हातून दुसऱ्यावर जुलूम झाला की 'आत्ता बोलू नका, वातावरण ठीक नाही' हे जुने वाक्य आपल्याही ओठांवर येते. तेव्हा गप्प राहणारा आपल्यातला वाइज असतो. आणि आपल्यांसाठीच तेवढा ओरडणारा आपल्यातला बर्गसन असतो. दोघांचीही माणुसकी खरी, आणि दोघांचीही अपुरी.

लेख लिहून झाल्यावर मी तो मास्तरांना वाचून दाखवला. हैफाच्या बाजारापाशी ते थांबले. तो परिच्छेद मला पुन्हा वाचायला लावला. रब्बींच्या मोर्चापाशीही थांबले. तोही पुन्हा वाचायला लावला. मग चष्मा काढून म्हणाले, 'दोन्ही राहू दे. एकही कापू नकोस.'